करंगळी मागे आली नाही

डॉक्टरांनी चिमट्याने फोडाची सैल पडलेली कातडी उचलली, कात्रीने कापायला सुरुवात केली आणि मध्येच थांबून माझ्या तोंडाकडे पाहिले.

"मास्तर, दुखत नाही?"

मी नाही म्हणालो. मला वाटले, ते माझ्या धीराचे कौतुक करणार. शेजारच्या बाकावर एक दणकट माणूस खरचटलेल्या गुडघ्याला आयोडीन लावून घेताना कंपाउंडरच्या नावाने ओरडत होता आणि मी मात्र शांत बसलो होतो.

डॉक्टरांनी कौतुक केले नाही. कात्री खाली ठेवली, टाचणी मागवली आणि मला डोळे मिटायला सांगितले. टाचणीचे टोक लागले की टोक म्हणायचे, डोके लागले की डोके म्हणायचे. उजव्या हाताची उत्तरे मी बरोबर दिली. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे, तीही बरोबर. मग मी पुढच्या टोचणीची वाट पाहत राहिलो. बराच वेळ काही झाले नाही, म्हणून डोळे उघडले. टोचून झाले होते. फोडाच्या खाली, करंगळीच्या चांगल्या कातडीवर रक्ताचा बारीक ठिपका दिसत होता.

"लॉस ऑफ सेन्सेशन," डॉक्टर म्हणाले. मग मराठीत समजावून सांगितले. त्या जागी स्पर्श कळत नाही, टोचलेले कळत नाही, गरम-गारही कळत नसणार. उठून त्यांनी मधला पडदा ओढला आणि आवाज खाली आणला. "भाजणे किरकोळ आहे. ते मी बरे करीन. पण बोट इतके भाजेपर्यंत तुम्ही ते आत ठेवलेत कसे, याचे उत्तर आधी हवे. गुरुवारी या. मागच्या दाराने या. चामडीचे डॉक्टर येतात."

मागचे दार कोणत्या रोगाचे होते, ते अख्ख्या पालघरला ठाऊक होते. हे साठच्या दशकातले सांगतो आहे. महारोग, म्हणजे कुष्ठरोग, हा शब्द तेव्हा कुणी मोठ्याने उच्चारत नसे.

हे सगळे एका करंगळीवरून झाले. ते कसे झाले ते सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाचा हात कधी गरम भांड्यावरून वेळेवर मागे आला नाही, तर त्याने माझ्यासारखे हसून सोडून देऊ नये.

आम्ही नवापूरचे. वडिलांची डोलीची, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत पिशवीसारखे मोठे जाळे लावून मासे धरणारी, बोट होती, तिचे नाव दर्यालक्ष्मी. मी घरातला पहिला बी. एस्सी. पालघरच्या एका हायस्कूलमध्ये शास्त्र शिकवत होतो. पहाटे सायकलने बोईसर स्टेशन गाठायचे, शटल गाडीने पालघर, संध्याकाळी त्याच वाटेने परत. शहरात खोली घ्यावी असे मित्र म्हणत, पण आईला ते नको होते आणि खरे तर मलाही नको होते.

तेव्हा आमच्याकडे जाळी सुताची असत. नायलॉन ऐकून माहीत होते, गावात यायचे होते. सुताचे जाळे खाऱ्या पाण्यात कुजू नये म्हणून त्याला अधूनमधून सालीच्या पाण्यात बुडवावे लागे. डोंगराकडची माणसे ऐनाच्या सालीचे भारे बोईसरच्या बाजारात विकायला आणत. ती साल मोठ्या भांड्यात उकळायची, लालभडक पाणी एका जुन्या, समुद्रात न जाणाऱ्या होडीत ओतायचे आणि त्यात जाळे दाबून दाबून मुरवायचे. हे काम भांगाच्या दिवसांत चाले. भरती-ओहोटीचा जोर मंदावला की डोलीत मासळी येत नाही, बोटी किनाऱ्यावर असतात आणि माणसे मोकळी असतात.

पाणी फार निवले तर सुतात रंग मुरत नाही. फार गरम असले तर जाळे दाबणाऱ्यांचे हात भाजतात. म्हणून आधी पाण्याची परीक्षा घ्यायची. ती आमच्या घरात अशी होती: घरच्या एकाने डाव्या हाताची करंगळी दोन पेरांपर्यंत पाण्यात बुडवायची आणि बोटीचे नाव सावकाश घ्यायचे. नाव पुरे होईपर्यंत करंगळी आत राहिली तर पाणी बेताचे. नाव अर्धे असतानाच ती बाहेर आली तर थांबायचे. डावा हात अशासाठी, की उजवा कामाचा. करंगळी अशासाठी, की बाकीचा तळवा दोरांनी आणि वल्ह्यांनी घट्ट झालेला असतो, त्याला लवकर काही कळत नाही.

ही परीक्षा आजवर वडील घेत. त्या दिवशी त्यांनी मला पुढे केले.

"नारान, करंगली घाल नि नाव घे. आता तू करता हायस घरातला."

आजूबाजूला भाऊबंद होते, शेजारी होते. मला बरे वाटले. शिकलो म्हणून मी घरच्या कामातून सुटलो, असे कुणाला वाटू नये ही इच्छा माझ्या मनात नेहमी असे. मी होडीवर वाकलो, करंगळी बुडवली आणि सावकाश म्हणालो, "दर्यालक्ष्मी." पाणी कोमट लागले. जरा आणखी ठेवून पाहिले, मग म्हणालो, "टाका."

वडील, काका आणि माझी धाकटी बहीण हिरा यांनी जाळे आत सोडले आणि दाबायला हात घातले. तिघांचेही हात जणू कुणी दोरीने ओढावेत तसे एकदम बाहेर आले. काकांच्या तोंडून जो शब्द निघाला तो इथे लिहीत नाही. हिरा हात झटकत नाचत होती. मी मात्र होडीच्या काठाशी उभा होतो आणि त्यांना काय झाले ते मला कळत नव्हते.

"अरे, तुजा हात हाय का वल्हा?" काका म्हणाले.

सगळे हसले, मीही हसलो. हिरा म्हणाली, "शिकलेल्यांची कातडी जाड असते, कोन काय बोललं तरी लागत नाय." पुन्हा हसणे झाले. पाणी निवू दिले आणि काम पुढे चालले. तिघांच्या हातांना नुसती लाली आली आणि संध्याकाळपर्यंत गेलीही. माझ्या करंगळीला मात्र रात्रीच्या जेवणाला बसेपर्यंत टपोरा फोड आला होता. आईने चुन्याची निवळी आणि खोबरेल एकत्र फेटून लावले. सालीचा रंग आधीच कातडीत मुरला होता, त्यामुळे बोट काळपट तांबडे दिसत होते आणि खरे किती भाजले आहे ते समजत नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मिठाच्या उकळून निववलेल्या पाण्याने बोट धुतले, आईचे खोबरेल काढले. फोड फोडला नाही. फोड म्हणजे शरीराने स्वतःच घातलेली पट्टी, ती आपण काढायची नाही, असे त्यांनी सांगितले. वर व्हॅसलिन लावलेली जाळीची पट्टी ठेवली, तिला ते ट्यूल ग्रा म्हणाले. ती जखमेला चिकटत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. पुन्हा कधी भाजले तर तेल, चुना, शाई काही न लावता आधी गार पाण्यात बराच वेळ हात धरायचा, आग थांबेपर्यंत धरायचा, असे बजावले. हे आज सगळे सांगतात. मला ते पहिल्यांदा त्यांनी सांगितले. नंतर फोड आपोआप फुटला, कातडी सैल पडली, ती काढताना जे झाले ते वर लिहिलेच आहे.

मागच्या दाराचे ऐकून आलो त्या संध्याकाळी मी स्टेशनवर बसून राहिलो. एक गाडी सोडली.

आमच्या गावाबाहेर सुरूच्या बनात एक झोपडी होती. मी लहान असताना तिथे एक माणूस राहत असे. तो गावातलाच होता. त्याच्या घरचे लोक एका दगडावर भाकरी-कालवण ठेवून हाक मारत आणि मागे सरत, मग तो येऊन घेई. आम्ही मुले त्या वाटेने पळत जात असू. नोकरी जाईल याची मला भीती होतीच. पण डोळे मिटले की मला शाळा दिसत नव्हती, तो दगड दिसत होता.

घरी मी कुणाला काही सांगितले नाही. पण एक गोष्ट लगेच केली. आमच्या घरी वडील समुद्रावरून आले की आम्ही चौघे एकाच परातीत जेवत असू. मध्ये भात, त्यावर कालवण, चार बाजूंनी चार हात. मी माझे ताट वेगळे घेतले, पाण्याचा तांब्या वेगळा घेतला, आणि कारण सांगितले की बोटाला औषध आहे, ते अन्नात जायला नको.

पट्टी डाव्या हाताला होती. जेवत मी उजव्या हाताने होतो. आईने ते पाहिले.

दोन-चार दिवस गेले. मग एकदा परात वाढताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "पदवी काय अशीच मिलते? तिच्याबरोबर ताट बी मिलतं."

मी मान खाली घालून जेवलो. त्यानंतर ती माझे ताट न बोलता पुढे सरकवू लागली. हिराने एकदा मला पडवीत गाठून विचारले, आईला काय लागेल असे बोललास का? मी नाही म्हटले. ती म्हणाली, "मंग न बोलता लागेल असं काय केलंस?"

शाळेत त्या आठवड्यात नववीला नेमका प्रतिक्षिप्त क्रियेचा धडा आला. टाळता आला असता, पण मी टाळला नाही. फळ्यावर हात काढला, मेणबत्ती काढली, मज्जारज्जू काढला. गरम लागल्याचा निरोप बोटातून निघतो, मेंदूपर्यंत जाण्याची वाट पाहत नाही, मज्जारज्जूतूनच उलटा हुकूम सुटतो आणि स्नायू हात मागे ओढतात. हे डोळ्याची पापणी लवण्याइतक्या वेळात होते. मेंदूला बातमी मागाहून मिळते, म्हणून हात आधी मागे येतो आणि "आई गं" नंतर.

पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, हात इतक्या लवकर मागे येतो, तर तुमचं बोट कसं भाजलं?"

वर्ग हसला. मी म्हणालो, "माझं बोट परीक्षेला अभ्यास न करता बसलं होतं." वर्ग आणखी हसला. मी पाठ फिरवली आणि बराच वेळ फळा पुसत राहिलो. फळ्यावरची वाट मला तोंडपाठ होती. निरोप निघतो, जातो, परत येतो. माझ्या हातात तो निघतच नव्हता.

गुरुवारी मागच्या दाराशी गेलो. व्हरांड्यात एक लांब बाक होते आणि त्यावर बरीच माणसे होती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. डोंगराकडची एक बाई मूल मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या एका पायाला चिंध्यांची पट्टी होती. तिने सरकून जागा केली.

"बस ना भाऊ. हितं कोन कोनाला इचारत नाय."

मी बसलो. तिचे मूल कुरकुरत होते. तिने त्याच्या कपाळाला हात लावला, मग गळ्याला लावला. थोड्या वेळाने आपणहून म्हणाली, "माजे पाय मेले हात. चुलीतला निखारा पडला तरी कलत नाय. पन याला ताप हाय ते हाताला लगेच कलतं." तेवढे बोलून ती हसली.  तिच्या शेजारी बसल्यावर माझा श्वास जरा सरळ चालू लागला, एवढे आठवते.

चामडीचे डॉक्टर वयस्कर होते आणि घाई करत नव्हते. त्यांनी मला शर्ट काढायला सांगितले. पाठ, छाती, हात खिडकीच्या उजेडात पाहिले. फिकट चट्टा कुठे आहे का ते शोधले. भुवयांवरून बोट फिरवले. मग माझा डावा हात कोपरात वाकवून कोपराच्या मागच्या खोबणीत बोटांनी चाचपले. तिथून अल्नर नर्व्ह जाते, म्हणजे करंगळीकडे जाणारी शीर. कोपर कशावर आपटले की हातात झिणझिणी येते ती हिच्यामुळेच. महारोगात ही शीर दोरीसारखी जाड होते, असे त्यांनी तपासता तपासता सांगितले. "तुमची जाड नाही," ते म्हणाले. पण चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही.

नंतर दोन काचेच्या नळ्या आणल्या. एकीत गरम पाणी, एकीत गार. डोळे मिटून गरम की गार ते सांगायचे. करंगळीच्या पोटाला, म्हणजे तळव्याकडच्या बाजूला, मला दोन्ही सारखेच लागले. करंगळीच्या मुळाशी पाठीकडची बाजू आणि तिच्या मागचा हात, तिथे मात्र मी प्रत्येक वेळी बरोबर सांगितले.

"हे चांगले आहे," डॉक्टर म्हणाले. "पाठ जागी आहे, पोट झोपले आहे. शीर कोपरापाशी बिघडली असती तर दोन्ही झोपले असते. काहीतरी मनगटाच्या पुढे होते आहे." मग त्यांनी माझा तळवा उलटा केला आणि मनगटाजवळ, करंगळीच्या बाजूला अंगठ्याने दाबले. तिथे एक घट्टा होता.

"हा कशाचा?"

मी म्हणालो, लहानपणी वल्हे मारायचो.

"वल्ह्याचे घट्टे बोटांच्या मुळाशी येतात. दोन्ही हातांना येतात. हा एकाच हाताला आहे आणि ताजा आहे. तुम्ही रोज काय करता ते सकाळपासून सांगा."

मी सांगू लागलो. उठतो, चहा घेतो, सायकल काढतो. त्यांनी मला तिथेच थांबवले आणि खुर्चीची पाठ पुढे सरकवली. "ही सायकल समजा. धरा कशी धरता ती."

मी धरली. उजवी मूठ वळली. डावा हात मात्र उघडाच राहिला आणि तळव्याचा खालचा भाग खुर्चीच्या लाकडावर रोवला गेला. मी हे मुद्दाम केले नव्हते. माझ्या सायकलच्या डाव्या दांड्याची रबरी मूठ केव्हाच निघून गेली होती, नुसता लोखंडी पाइप उरला होता. त्यावर वह्यांची पिशवी आणि डबा अडकवलेला असे. बोटांना जागा नसे, म्हणून मी तळव्याने दांडा दाबून धरत असे. तारापूरकडे बांधकामाचे ट्रक धावू लागल्यापासून रस्त्याला चर पडले होते, त्यातला प्रत्येक हादरा त्याच जागी बसत असे. त्याच जागेखालून ती शीर करंगळीला जाते.

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "बोटांना मधूनमधून मुंग्या येत होत्या?"

येत होत्या. थंडीमुळे येतात असे मी समजत होतो.

"मला वाटते शीर दबली आहे, दुसरे काही नाही. पण माझ्या वाटण्याला अर्थ नाही. काचेवर बघायला हवे." त्यांनी माझ्या कानाची पाळी चिमटीत धरली, बारीक छेद दिला आणि आलेला द्रव काचपट्टीवर पसरला. याला स्किन स्मिअर म्हणतात. त्यात रोगाचे जंतू आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पट्ट्या मुंबईला जायच्या होत्या, उत्तर यायला काही आठवडे लागणार होते.

मी निघताना त्यांनी थांबवले. "मास्तर, एक ऐकून जा. निघालाच तर गोळ्या आहेत. वेळेवर आलेल्या माणसाची बोटे जात नाहीत आणि त्याला घरही सोडावे लागत नाही. हे तुम्ही शाळेत सांगा, कारण आमचे कुणी ऐकत नाही."

सायकल पडवीत लावली ती लावलीच. बोईसरच्या बाजाराला मासळी नेणाऱ्या बायकांच्या टांग्यातून मी जाऊ लागलो. टोपल्यांच्या मध्ये, पाय आखडून. बायकांना मी आयता सापडलो.

"मास्तर, शालंत पोरं नाक धरतील हां."

"धरू दे. पोरांना कलेल तरी मास्तर कोनाचा हाय."

"याचं लगीन लावा कोनीतरी. बायकांत बसून बसून बिगडेल."

मी हसत असे. पण मनात मुंबईहून यायचे ते उत्तर होते. शाळेत, गाडीत, परातीच्या बाजूला वेगळे ताट घेऊन बसलेलो असताना, ते सतत आत होते. भाजलेली जागा भरत आली. नवी गुलाबी कातडी धरली आणि तिच्याकडे बघून मला आनंद वाटेना. जखम भरणे आणि बोट बरे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळले.

एके सकाळी टांग्यात माझा डावा हात एका टोपलीच्या काठावर होता. तिच्यावर रचलेली टोपली गळत होती. मी बाहेर मिठागराकडे बघत होतो आणि मी एकदम हात उचलला. का उचलला ते आधी कळले नाही. मग कळले, करंगळीवर गार पाणी ठिबकले होते. मी हात पुन्हा तिथेच ठेवला. पुन्हा थेंब पडला, पुन्हा गार लागले, पुसट लागले पण लागले. मी तसाच थेंब झेलत बसलो. शेजारची बाई म्हणाली, "मास्तर, ते बोंबलाचं पानी हाय, तीर्थ नाय."

पुढच्या गुरुवारी उत्तर आले नव्हते. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी व्हरांड्यात बसलो होतो, तेव्हा डॉक्टर स्वतः दारात आले आणि तिथूनच म्हणाले, "मास्तर, काच स्वच्छ आहे. काही नाही. जा, तास बुडवू नका."

मी उठलो आणि उभाच राहिलो. त्यांनी आत बोलावून पुन्हा टाचणी, कापूस, नळ्या सगळे करून पाहिले. करंगळीची बरीच उत्तरे बरोबर आली. दबलेली शीर दाब काढला की हळूहळू सुधारते, तुम्ही वेळेवर दाब काढलात, ते म्हणाले. बाहेर ती डोंगराकडची बाई त्या दिवशीही होती, पायाला आता चांगली पांढरी पट्टी होती. तिने विचारले, "काय रं भाऊ?" मी म्हणालो, "नाही निघालं." ती म्हणाली, "बरा झाला," आणि ते तिने अगदी मनापासून म्हटले. ती मात्र गोळ्या घेण्यासाठी तिथेच बसून राहिली. तो व्हरांडा मी नंतर कधी पळत ओलांडला नाही.

त्या दिवशी घरी आलो, हातपाय धुतले आणि परातीपाशी माझ्या जुन्या जागेवर बसलो. आईच्या हातात माझे वेगळे ताट होते. ती ताट तसेच धरून उभी राहिली.

"आज आमच्यातलं चालेल?"

मग मी सगळे सांगितले. मागचे दार, नळ्या, कानाची काच, सुरूच्या बनातला दगड. वडील घास हातात धरून ऐकत होते. हिरा परातीतल्या भाताकडे बघत होती. 

आई खाली बसली. "आनि निगालं असतं तर?" ती म्हणाली. "दगडावर भाकर ठेवली असती मी तुजी? असं वालखलंस मला?"

 तिने ताट बाजूला सारले, माझा डावा हात ओढून घेतला आणि करंगळी नखाने चिमटली. चांगलीच चिमटली. मी ओरडलो.

"कलतं हाय," ती वडिलांना म्हणाली. "जेवा आता."

दुसऱ्या दिवशी वडिलांनी सायकल ओसरीत घेतली. जुन्या जाळ्याचे सालीत मुरलेले सूत घेऊन त्यांनी डाव्या दांड्याला घट्ट वेढे दिले, वर आणखी एक मऊ थर दिला, आणि पिशवीसाठी मागे खोबणीचा लाकडी तुकडा बांधला.  पुढे ती सायकल मी विकली तेव्हा ती सुताची मूठ सोडवून ठेवून घेतली.

त्या दोन डॉक्टरांचे ऋण मी कसे फेडणार? एकाने न दुखल्याचे कौतुक करण्याऐवजी का दुखत नाही असे विचारले, दुसऱ्याने माझा दिवस सकाळपासून ऐकून घेतला. वेदना नसणे चांगले असे आपण समजतो. मी आता तसे समजत नाही. भाजल्यावर जो हात झटकन मागे येतो आणि त्यानंतर जो चुरचुरतो, तो शाबूत आहे. ज्याला कळले नाही, त्याने लाज न धरता डॉक्टर गाठावा, आणि त्यात वाईट निघाले तरी घरच्यांपासून लपवू नये. घरची माणसे आपण समजतो त्याहून धीराची असतात. मला हे कळायला करंगळी भाजावी लागली.

पुढच्या मोसमात पुन्हा साल उकळली. होडीत पाणी ओतले. वाफ येत होती. काकांनी आधीच दोन पावले मागे घेऊन सांगितले की यंदा मास्तरवर भरवसा नाही, दुसरे कुणी पाहा. वडिलांनी ऐकले नसल्यासारखे केले आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मी वाकलो. करंगळी बुडवली आणि नाव घेऊ लागलो.

"दर्या..."

हात छातीशी आला होता. बोट चुरचुरत होते. लक्ष्मी अजून तोंडातच होती.

"फार गरम हाय," मी म्हणालो. सगळ्यांच्या आधी आई हसली.